गावात बालसुरक्षा मोहीम कशी उभारावी: गोव्यातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

गोव्यातील एखाद्या गावात मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध जनजागृती करायची असे ठरले, की पहिल्या बैठकीत बहुधा फलक, फेरी आणि प्रमुख पाहुणे या तीनच विषयांवर चर्चा होते. बार्देश आणि पेडणे तालुक्यांतील अशा अनेक बैठकांना बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या तिन्ही गोष्टी शेवटी याव्यात आणि त्यांतली एखादी राहून गेली तरी फारसे बिघडत नाही. मोहीम खरोखर पोहोचली, तर तिचा पहिला परिणाम म्हणजे एखादे मूल कोणाजवळ तरी बोलते. ते बोलल्यानंतरच्या काही तासांत कोण काय करणार, हे आधी ठरलेले नसेल, तर आपण त्या मुलाला बोलते करून उघड्यावर सोडतो. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की ऐकणाऱ्यांची तयारी आधी व्हावी आणि मुलांशी संवाद त्यानंतर व्हावा.

१. कायद्याची कामापुरती ओळख करून घ्या

वकील होण्याची गरज नाही, परंतु दोन कायदे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असलेच पाहिजेत. पहिला गोवा बाल कायदा, २००३. केंद्राचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी गोव्याने हा कायदा केला, त्यात मुलांवरील लैंगिक अत्याचाराची स्वतंत्र व्याख्या केली आणि अशा खटल्यांसाठी बाल न्यायालयाची तरतूद केली. दुसरा म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, २०१२, ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यातील शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे आणि तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही.

पोक्सोतील तीन कलमे पाठ असावीत. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीविषयी दडवून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कलम २३ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब किंवा परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. ‘उगाच खोटी तक्रार झाली तर?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतोच. त्याचे उत्तर कलम १९ मध्येच आहे: प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शहानिशा करण्याचे काम पोलिसांचे आहे, माहिती देणाऱ्याचे नाही.

२. मूल बोलले तर पुढे काय, हे लिहून ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे तिला पुरेसा वेळ द्या. एका कागदावर, एकाच बाजूला मावेल इतका, प्रतिसादाचा आराखडा तयार करा आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात असू द्या. त्या कागदावर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, जवळचे पोलीस स्थानक, पणजीतील महिला पोलीस स्थानक, आपल्या जिल्ह्याची बाल कल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे आणि निवाऱ्याचे निर्णय घेणारी शासकीय समिती), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिला आणि बालविकास संचालनालयाचा पीडित साहाय्य कक्ष आणि जवळचे सरकारी रुग्णालय यांचे क्रमांक असावेत. ते लिहिण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून पाहा. छापील यादीतले अधिकारी बदललेले असतात, दूरध्वनी बंद पडलेले असतात, आणि हे रात्री आठ वाजता रडणारे मूल शेजारी बसलेले असताना कळणे परवडत नाही.

मूल बोलू लागले, की ऐकणाऱ्याने फक्त ऐकावे. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस’, ‘यात तुझी काही चूक नाही’ आणि ‘जे मदत करू शकतात त्यांना मी आता सांगणार आहे’ ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडले की मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. ‘इतके दिवस का नाही सांगितलेस’, ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे प्रश्न तर सोडाच, पण ‘त्याने तुला इथे हात लावला का’ असा उत्तर सुचविणारा प्रश्नही विचारू नये. सविस्तर जबाब घेणे हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे, आणि चार जणांनी चार वेळा विचारलेली हकिगत न्यायालयात बचाव पक्षाच्या उपयोगी पडते. मुलाने स्वतःहून जे सांगितले, ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहा, कागद बंद पाकिटात ठेवा आणि पोलिसांच्या हाती द्या.

त्यानंतर घरी कळवायचे का, हा अवघड प्रश्न उभा राहतो. संशयित व्यक्ती घरातलीच असेल, किंवा घरच्यांच्या मर्जीतली असेल, तर आधी घरी सांगणे म्हणजे मुलावर तोंड बंद ठेवण्याचा दबाव आणण्यासारखे आहे. अशा वेळी आधी १०९८ किंवा बाल कल्याण समितीशी बोला आणि मूल त्या रात्री कोठे सुरक्षित राहील, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. इतर प्रकरणांत आई-वडिलांना किंवा मुलाचा विश्वास असलेल्या नातेवाइकाला बरोबर घेऊनच पुढे जावे.

पोलिसांकडे जाताना मुलाचे हक्क काय आहेत, हे कार्यकर्त्याला माहीत असेल तर अनेक गोष्टी सुरळीत होतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालक किंवा विश्वासातील व्यक्ती हजर असताना घ्यायचा असतो. मुलाला कोणत्याही कारणासाठी रात्री पोलीस स्थानकात थांबवून घेता येत नाही. ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य स्थानकाकडे पाठविण्याची तरतूद आहे, याची शांतपणे आठवण करून द्या. प्रथम माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद झाल्यावर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. ते झाले की नाही, हे दुसऱ्या दिवशी समितीला विचारून घ्यावे.

घटना नुकतीच घडलेली असेल तर वैद्यकीय तपासणी जितकी लवकर तितकी चांगली. मुलाला आंघोळ घालण्याची घाई करू नये आणि अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि पोलिसांत तक्रार झालेली नसली तरी ती करता येते. रुग्णालयाने उपचारांपूर्वी पोलिसांचे पत्र मागणे नियमाला धरून नाही.

येथे एक सापळा आहे, आणि तो गोव्यातील लहान गावांत हमखास आढळतो. प्रकरण बाहेर पडताच कोणीतरी प्रतिष्ठित गृहस्थ ‘गावाची बदनामी नको’ म्हणून मध्यस्थीला पुढे येतात. बैठक पंचाच्या घरी होते, देवापुढे प्रमाण घेण्याचीही भाषा होते, कधी औषधपाण्याच्या खर्चाचे नाव सांगून पैसे देऊ केले जातात. पोक्सोखालील गुन्ह्यात तडजोडीला जागाच नाही, आणि माहिती असूनही जे इतरांना गप्प बसवितात त्यांच्यावरच कलम २१ ची टांगती तलवार असते. हे पहिल्याच बैठकीत, कोणतेही प्रकरण समोर नसताना, सरपंचांच्या उपस्थितीत स्पष्टपणे बोलून घ्यावे. नंतर बोलल्यास ते कोणाच्या तरी विरुद्ध बोलल्यासारखे होते.

३. कार्यकर्ते निवडताना भीड बाळगू नका

ज्याला मुलांपर्यंत पोहोचायचे आहे, असा माणूस मुलांसाठी चालणाऱ्या कामाकडे आकर्षित होतो, हे कटू आहे पण गोव्याला नवे नाही. मडगावात निराधार मुलांसाठी आश्रयगृह चालविणारा फ्रेडी पीट्स समाजसेवक म्हणून वावरत होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तो प्रसंग आठवणाऱ्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही, तरुण कार्यकर्त्यांना मात्र आवर्जून सांगावा.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला घ्या, दोन ओळखीच्या माणसांकडे चौकशी करा आणि आचारसंहितेवर सही घ्या. आचारसंहितेत किमान इतके असावे: कोणीही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, खासगी भ्रमणध्वनीवरून मुलांना संदेश पाठविणार नाही, भेटवस्तू देणार नाही, आणि मुलांची छायाचित्रे घेणार नाही. मोहिमेच्या प्रमुखानेही हा दाखला काढावा, म्हणजे इतरांना अपमान वाटत नाही. पोक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घेणे आवश्यक आहे. शाळेच्या बालरथाचे चालक आणि मदतनीस, नृत्यवर्ग, फुटबॉल प्रशिक्षण, शिकवण्या, संगीतवर्ग या सर्वांना ते लागू पडते आणि हा मुद्दा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे.

४. कागदपत्रे आणि साधने

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फायलीत जमवाव्यात:

- पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव, निदान सरपंचांचे पाठिंब्याचे पत्र
- शाळेत सत्र घ्यायचे असल्यास मुख्याध्यापकांचे लेखी संमतीपत्र, आणि सरकारी शाळा असल्यास भागशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी
- पालकांची संमतीपत्रे, त्यांना वाचता येईल अशा भाषेत
- कार्यकर्त्यांचे ओळखपत्र, पोलीस दाखला आणि सही केलेली आचारसंहिता
- प्रतिसादाचा एकपानी आराखडा
- सार्वजनिक कार्यक्रमासाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी
- मुलांच्या वयानुसार तयार केलेली चित्रे, एक साधी कापडी बाहुली आणि कुलूप असलेली प्रश्नपेटी

मुलांच्या नावांची यादी मात्र स्वतःजवळ ठेवू नका. हजेरी शाळेकडे असते, तिची प्रत मोहिमेला लागत नाही.

५. पंचायत, ग्रामसभा आणि ग्राम बाल समिती

गोवा बाल कायद्यात ग्राम बाल समितीची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर असते आणि तिच्या सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचे आठवत नाही. नवी समिती स्थापन करण्याच्या फंदात न पडता पंचायत सचिवांकडून आधी आहे त्या समितीची यादी मिळवा आणि तिलाच जागे करा. ग्रामसभेत विषय मांडायचा असल्यास तो लेखी आणि मुदतीत द्यावा, नाहीतर रस्ता, कचरा आणि पाण्याच्या वादात ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत सभागृह रिकामे झालेले असते. मागणी नेमकी असू द्या: समितीची बैठक दर तिमाहीत व्हावी, पंचायत फलकावर १०९८ क्रमांक कायम राहावा, आणि पंचायतीच्या सभागृहात वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाकडून पोलीस दाखला घ्यावा.

६. मुलांच्या आधी पालकांना बोलवा

पालकांची सभा सायंकाळी, शक्यतो वाड्यावरच्या देवळाच्या सभामंडपात किंवा अंगणवाडीत घ्या. तेथे माता येतात, पिते येत नाहीत. पित्यांसाठी वेगळी सभा क्रीडा मंडळात किंवा भजनी मंडळाच्या सरावानंतर ठेवल्यास उपस्थिती बरी असते.

सभेत सर्वप्रथम हा समज दूर करावा लागतो की धोका बाहेरून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते, की पोक्सोखालील बलात्काराच्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, कुटुंबाचा मित्र. दुसरा समज असा की हा मुलींचाच प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, गोव्याचाही समावेश असलेल्या तेरा राज्यांच्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक शोषणाचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. हा आकडा ऐकल्यावर सभेत जी शांतता पसरते, तिचा उपयोग करून मुलग्यांविषयी बोलावे. मुलगा सांगू लागला की त्याची थट्टा होते, हे सर्वांना ठाऊक असते.

येथे दुसरा मोठा सापळा आहे. किनारी गावांत आणि वेर्णा, कुंडई अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास चर्चा चटकन परप्रांतीय मजुरांवर घसरते आणि मोहीम भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांविरुद्धच्या रोषाचे निमित्त होते. त्यामुळे दोन अनर्थ होतात. घरातल्या माणसावरची नजर हटते, आणि ज्या मुलांचे आई-वडील दिवसभर कामावर असतात, जी मुले सर्वांत असुरक्षित असतात, त्यांचीच कुटुंबे मोहिमेपासून दूर पळतात. पत्रके मराठी आणि कोंकणीबरोबरच कन्नड आणि हिंदीतही काढा, आणि त्या वस्तीतील एखाद्या बाईला कार्यकर्ती म्हणून घ्या. बाहेरून जाऊन केलेल्या भाषणांपेक्षा तिचे चार शब्द अधिक उपयोगी पडतात.

७. मुलांबरोबरचे सत्र

एका वेळी एकाच इयत्तेची मुले घ्या, सभागृहात सगळी शाळा एकत्र बसवू नका. सत्र एका तासिकेचे असावे, वर्गशिक्षिका हजर असाव्यात, आणि शरीराच्या सर्व अवयवांची नावे न लाजता घेणारी व्यक्ती बोलणारी असावी. सांगणाराच अडखळला तर मुलांना कळते की हा विषय बोलण्याचा नाही.

केवळ ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून थांबणे अपुरे आहे. शोषण करणारा बहुतेक वेळा आधी लाड करतो, आणि मुलाला तो स्पर्श ‘वाईट’ वाटतोच असे नाही. त्यापेक्षा नियम सांगावा: आपले गुप्तांग कोणी पाहू नये, हाताळू नये, त्याचे छायाचित्र काढू नये, आणि कोणी आपल्याला त्याचे पाहायला किंवा हाताळायला लावू नये, आजारपणात किंवा स्वच्छतेसाठी गरज पडली तर आई-बाबा किंवा त्यांच्यासमोर डॉक्टर हाच अपवाद. दुसरा नियम गुपितांचा. वाढदिवसाची भेट लपविणे ठीक, पण ‘आईला सांगू नकोस’ असे बजावून केलेली कोणतीही गोष्ट आईला सांगायचीच. तिसरी गोष्ट म्हणजे पाच बोटांवर पाच विश्वासाची माणसे मोजायला लावणे, त्यांतले किमान एक घराबाहेरचे असावे. एकाने विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांगायचे, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या. आणि शेवटी, ‘नाही’ म्हणता आले नाही, पळता आले नाही, तरीही चूक मुलाची नसते, हे न विसरता सांगा. ज्या मुलावर आधीच अत्याचार झालेला आहे, ते मूल वर्गात बसून नेमके याच वाक्याची वाट पाहत असते.

आठवीच्या पुढच्या मुलांना मात्र बाहुली दाखवू नका, ती हसतील. त्यांच्याशी कायद्याविषयी, समाजमाध्यमांवरील ओळखींविषयी आणि परस्पर आकर्षणाविषयी सरळ बोलावे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी त्यांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन स्वतंत्र सत्र आखावे, कारण अशा मुलांना दैनंदिन कामांत इतरांच्या मदतीची सवय असते आणि तिचाच गैरफायदा घेतला जातो.

सत्र संपताच गाडीत बसून निघू नका. ज्याला बोलायचे असते ते मूल मधल्या सुट्टीत घुटमळत येते, म्हणून दोन कार्यकर्त्यांनी शाळा सुटेपर्यंत आवारातच थांबावे. प्रश्नपेटी त्याच दिवशी, दोघांनी मिळून उघडावी. आठवडाभर बंद राहिलेल्या पेटीतली एखादी चिठ्ठी फार उशिराची ठरू शकते. कोणत्याही मुलाला सर्वांसमोर अनुभव सांगायला लावू नये, हे वेगळे सांगायला नको, पण उत्साही पाहुणे हे करतात, म्हणून पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

८. किनारपट्टी, हॉटेले आणि भाड्याच्या खोल्या

हरमल, मोरजी, हणजूण, कळंगुट, कोलवा, बाणावली अशा गावांत मोहिमेचे अर्धे काम मुलांशी नसून पर्यटन व्यवसायाशी आहे. ऑक्टोबरात हंगाम सुरू होताच शॅकवाले, खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे, टॅक्सीचालक, मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून प्रवासी नेणारे), दुचाकी भाड्याने देणारे, जीवरक्षक आणि मसाज केंद्रे यांच्या छोट्या बैठका घ्याव्यात. डिसेंबरात कोणालाही वेळ नसतो.

त्यांना सांगायचा कायदा थोडका आहे आणि तो गोव्याचा स्वतःचा आहे. गोवा बाल कायद्याप्रमाणे आपल्या आवारात आणि लगतच्या किनाऱ्यावर मुले सुरक्षित राहतील याची जबाबदारी हॉटेलावर आहे, आणि कुटुंबीय किंवा रक्ताच्या नातेवाइकांबरोबर नोंद झालेली नसेल तर मुलाला निवासाच्या खोलीत प्रवेश देता येत नाही. घरातील दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यालाही हे लागू होते, हे बहुतेकांना माहीत नसते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक पर्यटनाची आचारसंहिता स्वीकारली. तिची प्रत स्वागतकक्षात लावण्याचा आग्रह धरा.

कर्मचाऱ्यांना लक्षणे ओळखायला शिकवा. नाते नसलेल्या मुलांबरोबर सतत दिसणारा प्रौढ, किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या मुलांना खाऊपिऊ घालून खोलीकडे नेणारा, अंघोळ करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेणारा, एखाद्या गरीब कुटुंबाच्या घराची डागडुजी करून देत त्यांच्या मुलाला ‘फिरायला’ नेणारा पाहुणा: यांतील एखाद्या गोष्टीने गुन्हा सिद्ध होत नाही, पण कळविण्याला ती पुरेशी आहे. असा पाहुणा परदेशीच असतो, हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो देशातल्या देशातूनही येतो. अशा वेळी वेटरने किंवा पायलटने त्या माणसाशी वाद घालू नये, मुलाचे चित्रीकरण करू नये. खोली क्रमांक किंवा वाहन क्रमांक टिपून ११२ किंवा १०९८ वर कळवावे. एका बैठकीत एका व्यावसायिकाने ‘गिऱ्हाईक दुखावेल’ असे उघडपणे म्हटले होते. त्यावर नीतीचे धडे देण्यापेक्षा परवाना आणि फौजदारी जबाबदारी यांची आठवण अधिक परिणामकारक ठरते, असा माझा अनुभव आहे.

९. मोबाईलवरील शोषण

एखादी अश्लील चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर आली, की ‘सावध राहा’ असे लिहून तीच पुढे पाठविणारे सज्जन भेटतात. मुलांची अशी सामग्री पुढे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ती जवळ बाळगणेही पोक्सोच्या कलम १५ च्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात स्पष्ट केले आहे. दुवा किंवा पाठविणाऱ्याचा क्रमांक लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करा. मुलांविषयीच्या सामग्रीची तक्रार तेथे नाव न देताही करता येते.

छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागणाऱ्यांविषयी मुलांना इतकेच पक्के सांगावे: काही पाठवू नका, पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांना सांगावे की त्या क्षणी फोन काढून घेण्याची शिक्षा देऊ नका. फोन जाईल या भीतीनेच मुले महिनोन्महिने गप्प राहतात.

१०. जत्रा, नाटक, फेरी

आता फलक आणि फेरी. जत्रेच्या रात्री नाटकाच्या मध्यंतरात गावातल्याच नटाने केलेली दोन मिनिटांची घोषणा मोठ्या फलकाहून अधिक ऐकली जाते. तीत १०९८ क्रमांक आणि एकच संदेश असावा. शिगम्याच्या चित्ररथावर मुलांना पीडितांच्या भूमिकेत उभे करू नये. पथनाट्याची गोष्ट आसपास घडलेल्या प्रकरणाशी मिळतीजुळती नाही ना, हे तपासावे, कारण लहान गावात ‘अमुक वाड्यावरची शाळकरी मुलगी’ एवढ्यानेही ओळख पटते. स्थानिक वार्ताहरांनाही हे आधीच सांगावे. वर्षातील सोयीचा काळ म्हणजे १४ ते २० नोव्हेंबरचा आठवडा. बालदिनाने तो सुरू होतो आणि १८ नोव्हेंबर हा बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रतिबंधासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस त्यातच येतो.

११. तक्रारीनंतर कुटुंबाबरोबर राहा

बहुतेक मोहिमा तक्रार नोंदवली की थांबतात. कुटुंबाची खरी परीक्षा त्यानंतर असते. बाल कल्याण समितीकडे अर्ज करून मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमून घ्या. तपास आणि खटल्याच्या काळात मुलाला आणि पालकांना माहिती देत राहणे हे तिचे काम असते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम नुकसानभरपाई देऊ शकते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. कायद्याप्रमाणे न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एक वर्षात खटला पूर्ण व्हावा. प्रत्यक्षात तो लांबू शकतो, म्हणून पालकांना खोटी आशा दाखवू नये.

मदत साध्या गोष्टींत लागते. सत्तरी किंवा काणकोणहून न्यायालयात वेळेवर पोहोचायला वाहन, त्या दिवशीच्या बुडालेल्या रोजाची सोय, धाकट्या भावंडांना सांभाळणारे कोणी, शाळेत बुडालेला अभ्यास भरून देणारी शिक्षिका. वाड्यावरचे लोक त्या घरी जाणे टाळू लागले, तर चवथीला आपण जावे. साक्षीची तारीख जवळ येईल तसतसे तडजोडीचे निरोप पुन्हा येऊ लागतात. कोण आले, केव्हा आले आणि काय म्हणाले, हे कुटुंबाला त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा आणि त्याची लेखी माहिती तपास अधिकारी आणि सरकारी वकील या दोघांनाही पोचपावती घेऊन द्या.